बाहुलीनाट्याची ओळख शाळेत कोठून सुरू करावी?

प्रश्न – शिक्षिका, लाखांदूर तालुका

नमस्कार. धानपट्ट्यातील एका गावात मी सहावी-सातवीच्या मुलांना शिकवते. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागली की आमच्याकडे रात्रभर नाटके आणि दंडारी (आमच्याकडची लोकनाट्ये) होतात, त्यामुळे रंगमंच मुलांना नवा नाही. परंतु बाहुल्यांचा खेळ म्हणजे लहान लेकरांची करमणूक, अशी त्यांची पक्की समजूत आहे. जावा, जपान आणि व्हिएतनाम येथील परंपरांची ओळख मला त्यांना करून द्यायची आहे. शाळेत प्रोजेक्टर नाही. सुरुवात कोठून करावी?

उत्तर – दंडारीतील पेटीवादक, गोंदिया जिल्हा

ताई, जावातील वायांग कुलित या सावल्यांच्या बाहुलीखेळापासून सुरुवात करावी, कारण अर्जुन आणि भीम मुलांच्या ओळखीचे आहेत. म्हशीच्या कातड्यातून कोरलेल्या बाहुल्यांची सावली पांढऱ्या पडद्यावर पडते आणि दालांग म्हणजे सूत्रधार मांडी घालून, एकटाच सर्व पात्रांचे आवाज काढत, शेजारच्या लाकडी पेटीवर ठोके देऊन गामेलान या जावाच्या वाद्यवृंदातील वादकांना इशारे करत पहाटेपर्यंत खेळ चालवतो. ज्या बाहुल्यांचे काम नसते, त्या पडद्याखाली आडव्या ठेवलेल्या केळीच्या खांबात खोचून ठेवतात. सेमार आणि त्याची मुले मात्र व्यासांच्या महाभारतात सापडणार नाहीत. ते खास जावाचे सोंगाडे आहेत, पांडवांचे सेवक असूनही धन्याला खरे ऐकवणारे. आपल्या खडी गंमत या लोकनाट्यातला सोंगाड्या पाहिलेल्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

जुने धोतर ताणून बांधावे आणि मागे एक बल्ब लावावा. पुठ्ठ्याच्या बाहुलीला खांद्याशी व कोपराशी दोऱ्याची गाठ आणि हाताला बांबूची कामटी पुरते. बाहुली कापडाला टेकवली की कडा रेखीव दिसतात. दिव्याकडे सरकवली की सावली मोठी आणि पुसट होते. घटोत्कच असाच वाढवता येईल.

उत्तर – नाट्यशास्त्राचा विद्यार्थी, चंद्रपूर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, तरीही मुलांची समजूत आधी दूर करायची असेल तर जपानचे बुनराकू हे बाहुलीनाट्य प्रथम सांगावे, असे मला वाटते. ताकेमोतो गिदायू यांनी 1684 साली ओसाकात नाट्यगृह काढले आणि चिकामात्सु यांनी त्यांच्यासाठी थोरामोठ्यांना रडवणारी नाटके लिहिली. एक बाहुली तिघे चालवतात: मुख्य कलावंत डोके आणि उजवा हात, दुसरा डावा हात, तिसरा पाय. तीन मुलांना एकच बाहुली देऊन पाणी पिण्याचा अभिनय करायला सांगा. तिघांचा श्वास एक झाल्याशिवाय पेला तोंडापर्यंत पोचत नाही.

उत्तर – धान उत्पादक शेतकरी, भंडारा जिल्हा

मॅडम, व्हिएतनामचा पाण्यावरचा खेळ विसरू नका. तो लाल नदीच्या खोऱ्यातील धान पिकवणाऱ्यांचा आहे. कलावंत बांबूच्या पडद्यामागे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून, पाण्याखालून नेलेल्या लांब दांड्यांनी लाकडी बाहुल्या हलवतात. रोवणी, म्हशी, बदकांचे कळप, मासेमारी असे सारे त्यात येते. 1121 सालच्या शिलालेखात या खेळाचा उल्लेख आहे. मुलांना बोडीत, म्हणजे शेततळ्यात, मात्र उतरवू नये. पसरट टाक्यातले गढूळ पाणी दांडी लपवायला पुरेसे आहे.

शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. या शनिवारी तिघांच्या बाहुलीपासून सुरुवात करते. धोतर एका मुलाच्या आजोबांनी देऊ केले आहे, आणि केळीचा खांब शाळेमागेच मिळेल.