आफ्रिकी संघ सैन्य पाठवतो, मग सार्क का नाही?

विद्यार्थिनी, नागपूर: राज्यशास्त्र शिकताना प्रश्न पडला की, आफ्रिकी संघाने २००७ मध्ये सोमालियात सैन्य पाठवले, तर सार्क शेजाऱ्यांच्या वादात का पडत नाही?

धरमपेठकर: सार्कच्या १९८५ च्या सनदेतील दहाव्या कलमानुसार द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेतूनच वगळलेले आहेत, त्यामुळे मध्यस्थीची वाट आरंभीच बंद झाली. उलट आफ्रिकी संघाची घटना नरसंहारासारख्या प्रसंगी सदस्य राष्ट्रात हस्तक्षेपाचा अधिकार देते.

महालवासी: सहमत, पण नुसत्या अधिकाराने भागत नाही, सोमालियातील सैनिकांच्या भत्त्यांचा भार मुख्यतः युरोपीय संघाने उचलला. शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम ५३ प्रमाणे प्रादेशिक संघटनांच्या सक्तीच्या कारवाईला सुरक्षा परिषदेची परवानगी लागते, जी पश्चिम आफ्रिकी देशांच्या गटाने (इकोवास) १९९० मध्ये लायबेरियात उतरताना (सोयीस्करपणे म्हणा) घेतलीच नव्हती.