समोरच्या चित्रात त्रिकोण असतोच असे नाही
वर एका सदस्यांनी विचारले आहे की कीटकनाशके घरबसल्या मागवणे कायदेशीर असेल, तर धोका वेगळा तो काय? कायदेशीर आहे हे खरे. 2022 च्या नियमदुरुस्तीनंतर परवानाधारक विक्रेत्याला ऑनलाइन विक्री करता येते आणि त्याचा परवाना तपासण्याची जबाबदारी त्या संकेतस्थळावर असते. प्रश्न माहितीचा आहे. बाटलीवर तिरक्या चौकोनात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो, त्यातला लाल सर्वांत जहाल आणि हिरवा सर्वांत सौम्य. दुकानात बाटली हातात घेतली की तो आपोआप नजरेस पडतो. मी गेल्या वर्षी वाळवीचे औषध मागवले, तेव्हा पडद्यावर फक्त नाव, किंमत आणि चांदण्या होत्या. पिवळा त्रिकोण खोके उघडल्यावर दिसला, आणि सोबतचे माहितीपत्रक, ज्यात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा दिलेला असणे बंधनकारक आहे, ते खोक्यात नव्हतेच. (तक्रारीवर पैसे परत मिळाले, पत्रक मात्र नाही.)

यवतमाळमध्ये 2017 साली कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ती औषधे दुकानांतूनच घेतलेली असत. त्यामुळे दुकानदार सगळे सांगतो असे माझे म्हणणे नाही. पण मागवण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेबलच्या मागच्या बाजूचे छायाचित्र, नोंदणी क्रमांक आणि अंतिम मुदत मागून घ्यावी, आणि तो टाळाटाळ करू लागल्यास मागणी रद्द करावी.