'इक्वल पे'ला समान वेतन म्हणावं की समान मानधन?

अर्धविराम
एका दिवाळी अंकासाठी अमेरिकेच्या महिला फुटबॉल संघावरचा मोठा लेख मराठीत आणते आहे. पुरुषांच्या संघापेक्षा कमी पैसे मिळतात म्हणून २०१६ मध्ये पाच जणींनी केलेल्या तक्रारीपासून २०२२ च्या करारापर्यंतची सगळी हकीकत. मी सरसकट 'समान वेतन' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून सगळीकडे 'समान मानधन' केलं. म्हणे, खेळाडूला वेतन नसतं, मानधन असतं; आपल्या क्रिकेट मंडळाने २०२२ मध्ये बायकांना पुरुषांइतकेच पैसे जाहीर केले तेव्हाही हाच शब्द छापून आला होता.

वाद घातला नसता, पण एका परिच्छेदात अडलंय. मे २०२० मध्ये न्यायाधीश क्लाउसनर यांनी वेतनाचा दावा फेटाळला. कारण काय, तर पुरुषांना फेडरेशनकडून, म्हणजे अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाकडून, ठरलेला पगार नव्हताच. संघात बोलावलं तर पैसे, जिंकलं तर वर मोठा बोनस. बायकांपैकी करारबद्ध खेळाडूंना वर्षाचा पगार, क्लबकडून खेळण्याचा पगारही फेडरेशनच देणार, आरोग्यविमा, दुखापतीत आणि बाळंतपणात पैसे चालू, पण बोनस लहान. न्यायाधीशांनी दोन्हीकडची बेरीज केली. बायकांना एकूण सुमारे २ कोटी ४५ लाख डॉलर, पुरुषांना १ कोटी ८५ लाख. सामन्यामागे २,२०,७४७ विरुद्ध २,१२,६३९. म्हणून भेदभाव नाही!

बायकांचं म्हणणं, आम्ही २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक जिंकून ही बेरीज गाठली. पुरुष २०१८ ला पात्रसुद्धा ठरले नाहीत. त्यांच्या दराने आम्हाला मोजा, मग बघा किती होतात.

सगळ्यालाच 'मानधन' म्हटलं की हा परिच्छेद वाचकाला कळणारच नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरफळ
मानधन अजिबात नको. माझी मावशी अंगणवाडी सेविका आहे. तिला जे मिळतं त्याला सरकार मानधन म्हणतं, कारण वेतन म्हटलं की ती कर्मचारी ठरते आणि मग बाकीचं सगळं द्यावं लागतं. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संप झाला तेव्हा ह्या शब्दावरच तिचा सगळ्यात जास्त राग होता. "मान कुणी देत नाही, धन दिसत नाही" असं ती म्हणते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे असं सांगितलं, तेव्हाही मानधन हे वेतनच का, हा प्रश्न होताच.

त्या अमेरिकन बायका नोकर म्हणून कोर्टात गेल्या होत्या, १९६३ च्या समान वेतनाच्या कायद्याखाली. तुमच्या संपादकांचा शब्द वापरला असता तर पहिल्याच तारखेला हरल्या असत्या.

निवृत्त मुद्रितशोधक
मुळात 'समान वेतन' ही संज्ञा नव्हे, विशेषण आणि नाम शेजारी ठेवले आहेत. संज्ञा हवी असेल तर 'वेतनसाम्य' असा एकसंध सामासिक शब्द योजावा. वेतन हा शब्द पाणिनीइतका जुना आहे. 'वेतनादिभ्यो जीवति' हे सूत्र पाहावे; वैतनिक, अवैतनिक हे त्यातूनच आले. इतका सकस शब्द हाताशी असताना आपण मानधन, मेहनताना, पगार यांच्यामागे का धावतो हे अनाकलनीय आहे. 'मानधन' हा शब्दही सुंदर आहे, पण तो व्याख्यात्यास शोभतो. सरकारने तो नासवला, हा शब्दाचा दोष नव्हे.

म्हापशेकार
पगाराला काय झालं काका? पोर्तुगीजमध्ये 'पगार' म्हणजे पैसे देणं, चुकते करणं. म्हणजे इंग्रजीतला 'पे' आणि आपला पगार ह्यांत तसूभर फरक नाही. आमच्या आज्याला वेतन कधी मिळालं नाही, पगारच मिळाला, आणि त्यावर घर चाललं.

आणि ७ जुलै २०१९ ला ल्योंच्या स्टेडियममध्ये काय झालं ते आठवा. अमेरिकेने नेदरलँड्सला २-० हरवलं आणि अख्खं स्टेडियम 'इक्वल पे, इक्वल पे' ओरडायला लागलं. फिफाचे अध्यक्ष मैदानात, वरून ही घोषणा. आता 'वेतनसाम्य' ओरडून बघा. दुसऱ्या वेळी जीभ अडखळते.

तिरफळ
+१. मोर्च्यात 'समान काम, समान दाम' ऐकलंय. तेच ओरडता येतं.

निवृत्त मुद्रितशोधक
संज्ञा घोषणेसाठी नसते. आणि 'दाम' मुळात नाण्याचे नाव आहे.

रंगपट
नाटकवाल्यांना विचारा की! आमच्याकडे ह्या दोन पद्धतींना दोन शब्द आहेत. जुन्या नाटक मंडळ्यांत नट पगारी असायचे: बिऱ्हाड कंपनीचं, जेवण कंपनीचं, प्रयोग पडो वा उभा राहो, महिना भरला की पगार. आज नट 'नाईट'वर काम करतो. प्रयोग झाला तर नाईट, रद्द झाला तर घरी बसा.

अमेरिकेचे पुरुष नाईटवर होते आणि बायका कंपनीच्या पगारी, वर छोटीशी नाईट. न्यायाधीश म्हणाले, तुम्हाला नाईटचा पर्याय दिला होता, तुम्हीच पगार पत्करला, आता नाईटचा दर मागू नका. खेळाडू म्हणाल्या, पद्धत पुरुषांची देत होतात, आकडे पुरुषांचे कुठे देत होतात? त्यात घरी तान्हं मूल असलेली बाई पगार का पत्करते हे कंपनीत राहिलेल्या कुणालाही कळेल.

त्या परिच्छेदात 'पगार' आणि 'नाईट' लिहा. मराठी माणसाला लगेच कळेल.

पेठकरी
नाईट?? दुपारी चारला मॅच असती आमच्याकडं. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर नाईट लिहून आणा, लोक फ्लडलाइट शोधतील.

सातासमुद्र
इथे न्यू जर्सीत माझी मुलगी खेळते, त्यामुळे हे प्रकरण घरात रोजच्या जेवणाला होतं. एक गोष्ट सगळे विसरतात. खरी दरी फेडरेशनच्या पगारात नव्हती, फिफाच्या बक्षिसात होती. २०१८ च्या पुरुषांच्या विश्वचषकाला एकूण ४० कोटी डॉलर, २०१९ च्या बायकांच्या विश्वचषकाला ३ कोटी. ते वेतनही नाही, मानधनही नाही, नाईट तर नाहीच. २०२२ च्या करारात दोन्ही संघांनी मान्य केलं की विश्वचषकाचं बक्षीस एका थैलीत घालायचं आणि सारखं वाटून घ्यायचं. मग कतारमध्ये पुरुषांनी शेवटच्या सोळांत जाऊन १ कोटी ३० लाख आणले, त्यातही बायकांचा वाटा आला. ह्याला 'समान वाटा' म्हणा.

(इथे सॉकरच म्हणतात, कृपया मारू नका.)

पेठकरी
मारत नाही, पण पेठेत येऊन सॉकर म्हणू नका. पीटीएम आणि शिवाजी तरुण मंडळ, आमचे दोन कट्टर फुटबॉल संघ, एक होऊन मागं लागतील.

निवृत्त मुद्रितशोधक
'सॉकर' हे 'असोसिएशन'चे विद्यार्थ्यांनी केलेले लाडके रूप आहे, आणि ते अमेरिकेत नव्हे, इंग्लंडमध्ये जन्मले.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. रंगपट, नाईटची कल्पना फार आवडली, संपादकांना पटेल असं वाटत नाही.

मला क्रिकेटचा मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटायला लागलाय. मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये समान केली ती सामन्याची फी. कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख, बाई असो वा बुवा. वार्षिक करार मात्र तसेच राहिले: त्या वेळी पुरुषांची वरची श्रेणी ७ कोटी, बायकांची वरची श्रेणी ५० लाख. म्हणजे तिथे 'समान मानधन' अगदी बरोबर आणि 'समान वेतन' साफ खोटं! संपादकांनी ज्या बातमीचा दाखला दिला, तिच्यातच दोन शब्द वेगळे ठेवायचं कारण आहे. वेगळे न ठेवल्यामुळे कित्येक जण आजही समजतात की आपल्याकडे प्रश्न सुटला.

तिरफळ
हे तुम्ही लेखात घालाच. तळटीप नको, मजकुरात.

शेंडीफळ
मॅच फीला 'सामनाशुल्क' म्हणा ना.

म्हापशेकार
शुल्क आपण भरतो, आपल्याला मिळत नाही. सामनाशुल्क म्हणजे तिकीट वाटतं.

अर्धविराम
अवांतर, पण त्याच लेखातलं. ह्याच संघातली मेगन रपिनो ४ सप्टेंबर २०१६ ला क्लबच्या सामन्याआधी राष्ट्रगीत चालू असताना एका गुडघ्यावर बसली, कॉलिन केपरनिकला पाठिंबा म्हणून. (तो अमेरिकन फुटबॉलमधला, राष्ट्रगीताला उभं न राहता वर्णद्वेषाचा निषेध करणारा खेळाडू.) माझ्या पहिल्या खर्ड्यात होतं 'तिने गुडघा टेकला'. संपादकांची नोंद: "टेकला म्हणजे शरण गेली का?"

पेठकरी
बरोबर आहे त्यांचं. गुडघे टेकले म्हणजे संपला विषय. कुस्तीत तर बोलायलाच नको.

रंगपट
गुडघे, अनेकवचनी. एक गुडघा टेकणं वेगळं. शिवाय केपरनिक आधी नुसता बसून राहायचा. नेट बॉयर नावाच्या माजी सैनिकाने त्याला सुचवलं की बसण्यापेक्षा गुडघ्यावर हो, सैनिक पडलेल्या साथीदाराच्या थडग्यापुढे असेच बसतात. म्हणजे निषेधही आहे आणि आदरही. मराठीत एका शब्दात आणणं कठीण.

निवृत्त मुद्रितशोधक
कठीण मुळीच नाही. वीरासन. एक गुडघा भूमीवर, दुसरा उभा. धनुर्धराची बैठक. 'राष्ट्रगीतावेळी तिने वीरासन घातले.'

शेंडीफळ
काका, योगाचा वर्ग वाटतोय.

तिरफळ
मला वीरासन आवडलं, पण नको. वीर म्हटलं की तिची बाजू आपण घेतली. फेडरेशनने २०१७ मध्ये नियमच केला होता की राष्ट्रगीताला आदराने उभं राहायचं. तो नियम जून २०२० मध्ये मागे घेतला, तोही जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस पोलिसांच्या हातून गेल्यानंतर. लेखात त्या चार वर्षांचा ताण दिसला पाहिजे. सरळ 'एका गुडघ्यावर बसली' लिहा.

सातासमुद्र
'बसली'ला माझा आक्षेप. इंग्रजीत बसणं आणि गुडघ्यावर होणं ह्यांतच तर सगळा वाद झाला.

रंगपट
मग 'गुडघ्यावर झाली'. आमच्याकडे तालमीत दिग्दर्शक म्हणतात, "गुडघ्यावर हो."

पेठकरी
शाळेत मास्तर पण हेच म्हणायचे. ती शिक्षा असायची.

शेंडीफळ
आणि रपिनोला काय म्हणणार? ॲक्टिव्हिस्ट?

निवृत्त मुद्रितशोधक
चळवळी स्त्री.

तिरफळ
'चळवळ्या' शब्दात थट्टा आहे, काका. घरात वस्तूंची उचकापाचक करणाऱ्या पोरालासुद्धा आई तेच म्हणते. आणि 'कार्यकर्ती' म्हटलं की लोक विचारतात कुठल्या पक्षाची.

म्हापशेकार
'भांडणारी बाई' म्हणा. माझ्या मते बहुमानच आहे. मार्च २०२० मध्ये फेडरेशनने कोर्टात लेखी दिलं की पुरुषांच्या कामाला जास्त कौशल्य लागतं. त्यानंतर जपानविरुद्धच्या सामन्याआधी ह्या सगळ्या जणी सरावाच्या जर्सी उलट्या घालून आल्या. फेडरेशनचं चिन्ह आत, वर फक्त चार तारे, चार विश्वचषकांचे. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष कार्लोस कॉर्देरो यांनी राजीनामा दिला. भांडण जमलं पाहिजे ते असं.

अर्धविराम
'उलट्या घालून' मीही लिहिलंय! पण मराठीत उलटं म्हणजे पाठ पुढे, वरचं खाली की आतलं बाहेर? वाचक पाठ पुढे समजला तर चिन्ह लपलं कसं हे कळणार नाही.

रंगपट
'आतली बाजू बाहेर काढून'. लांब आहे, पण इलाज नाही.

शेंडीफळ
मूळ प्रश्न राहिला का? वेतन की मानधन?

अर्धविराम
राहिला. संपादकांना न्यायालयाचा परिच्छेद, क्रिकेटचे आकडे आणि ह्या चर्चेतले निवडक प्रतिसाद पाठवले. उत्तर आलं: "मुद्दा मान्य. मग सगळीकडे 'समान मोबदला' करू या का? दोन्ही त्यात येतात."

पेठकरी
मोबदला?? आमची जमीन रस्त्यात गेली तेव्हा मोबदला मिळाला. म्हणजे अजून पुरता मिळालाच नाही. ह्या बायकांची काय जमीन गेली?

निवृत्त मुद्रितशोधक
मोबदला अरबी आहे. मूळ अर्थ अदलाबदल. वेतनाशी त्याचा काही संबंध नाही.

तिरफळ
अहो, श्रम द्यायचे आणि पैसे घ्यायचे, ही अदलाबदल नाही तर काय आहे?

निवृत्त मुद्रितशोधक
त्याला संस्कृतमध्ये 'विनिमय' म्हणतात.

सातासमुद्र
२०२२ च्या फेब्रुवारीत तडजोड झाली तेव्हा २ कोटी ४० लाख डॉलर ठरले. २ कोटी २० लाख खेळाडूंना, २० लाख त्यांच्या खेळानंतरच्या आयुष्यासाठी आणि सामाजिक कामासाठी. तेवढ्याला मात्र मोबदला चालेल, पेठकरींच्या अर्थानेच. गेलेल्या वर्षांचे पैसे होते ते.

रंगपट
त्याला थकबाकी म्हणतात. निर्मात्याकडून नाईट बुडाली की आम्ही तोच शब्द वापरतो.

म्हापशेकार
थकबाकीवर सहमत. अर्धविरामताई, परिच्छेदात पगार, नाईट आणि थकबाकी. मथळ्यात 'समान पगार'. मोबदला संपादकांना परत पाठवा.

निवृत्त मुद्रितशोधक
'नाईट' छापणार असाल तर निदान अवतरणचिन्हात छापा.

रंगपट
का? 'पगार' कुठे अवतरणात छापता?