मदत हवी आहे: जुन्या गेममधल्या धुना काढून बेंजोवर बसवायच्या आहेत

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात हर्णैच्या अलीकडे आमची वाडी. वाडीची बेंजो पार्टी आहे, मी कीबोर्ड आणि थोडाफार ऑक्टोपॅड बघतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत सगळ्याच पार्ट्या तीच चालू गाणी वाजवतात, म्हणून यंदा पोरांनी ठरवलंय की लहानपणी खेळलेल्या गेममधल्या दोन-तीन धुना बसवायच्या.

जवळ काय आहे ते सांगतो. मुंबईच्या चुलतभावाचं गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवरचं पोकेमॉन एमराल्ड, निन्टेन्डो डीएसचं मारियो कार्ट, आणि मामाने आखातातून आणलेला सोनीचा पीएसपी (हातात धरायचा कन्सोल), त्यात एक मारामारीचा गेम. सगळं अस्सल आणि घरचंच. कार्ट्रिज आणि डिस्कवरून फाइल काढून द्यायचं काम दापोलीतल्या एका मित्राने केलंय, तो प्रश्न नाही. लॅपटॉप जुना, विंडोज १०.

अडलंय ते पुढे. डीएसची फाइल टिंके नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर आत एकच एसडॅट फाइल दिसते. ती व्हीएलसीत वाजत नाही, ऑनलाइन कन्व्हर्टरही घेत नाहीत. गेमबॉयच्या फाइलमध्ये तर फोल्डरच नाहीत, सगळा एक गोळा. पीएसपीच्या आयएसओमध्ये (डिस्कची अख्खी प्रत असलेली फाइल) एसएनडी० नावाची एटी३ फाइल मिळाली, पण ती मेनूवरची छोटीशी धून निघाली. लढाईचं म्युझिक कुठे दडलंय?

एमपी३ मिळाली तरी चालेल, पण खरं तर बेंजोवाल्याला सूर हवेत. ऐकून बसवायचा प्रयत्न केला, पण एकावर एक इतके आवाज असतात की मधली ओळ सापडत नाही. रेंज वरच्या सड्यावर गेल्याशिवाय येत नाही, तेव्हा जीबीच्या हिशेबातलं डाउनलोड कृपया सुचवू नका. आगाऊ धन्यवाद.

आठ_बिट

एमपी३चा नाद आधी सोडा. सूर हवेत ना? तुमच्या तीनपैकी दोन गेममध्ये ते लिहूनच ठेवलेत.

एमराल्डचं अख्खं कार्ट्रिज १६ एमबीचं. सीडीच्या दर्जाचं एक मिनिटाचं रेकॉर्डिंगच १० एमबीच्या आसपास जातं. मग चित्रं, नकाशे, संवाद आणि तासभर वाजणारं म्युझिक त्यात मावलं कसं? रेकॉर्डिंग ठेवलंच नाही. आत आहे ती नोटेशनची वही आणि वाद्यांची पेटी: कुठला सूर कधी, किती वेळ, किती जोरात, आणि प्रत्येक वाद्याचा एक छोटा नमुना. वाजवायचं काम कन्सोल जागच्या जागी करतो. व्हीएलसीला म्हणून त्यात गाणंच दिसत नाही.

डीएसच्या एसडॅटमध्ये हेच नीट कप्पे करून ठेवलेलं असतं. एसएसईक्यू म्हणजे सुरांची क्रमवारी, एसबीएनके म्हणजे कुठल्या नंबरला कुठलं वाद्य, आणि एसडब्ल्यूएआरमध्ये वाद्यांचे नमुने. काही गेममध्ये एसटीआरएम नावाचं खरं रेकॉर्डिंगही सापडतं, पण कमी.

तुम्हाला हवंय व्हीजीएमट्रान्स नावाचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, लहान आहे. टिंके बाजूला ठेवा, डीएसची मूळ फाइलच त्याच्या खिडकीत ओढून टाका, एसडॅट ते स्वतः शोधतं. खाली कलेक्शनची यादी येईल, त्यावर डबल क्लिक केलं की धून वाजते. हवी ती सापडली की राइट क्लिक करून मिडी आणि एसएफ२ अशा दोन फाइल सेव्ह करा. मिडीत सूर, एसएफ२ साउंडफॉन्टमध्ये त्या गेमची वाद्यं.

गेमबॉय अ‍ॅडव्हान्सला फोल्डर नसतात हे बरोबर. पण बहुतेक गेम निन्टेन्डोने पुरवलेलंच साउंड इंजिन, म्हणजे म्युझिक वाजवणारा प्रोग्राम, वापरतात. लोक त्याला एमपी२के किंवा सॅपी म्हणतात. एमराल्डही त्यातलंच. व्हीजीएमट्रान्सला ते ओळखता येतं. नाहीच जमलं तर जीबीए मस रिपर वापरा, तेही मिडी आणि साउंडफॉन्ट काढून देतं. नावं मिळणार नाहीत, नुसते नंबर. चहा घेऊन बसा आणि एकेक ऐका.

मालवणी_मसालो

अरे बाबांनो, आमच्याकडे गणपतीक भजनाची डबलबारी रंगता आणि तुम्ही पोकेमॉन वाजवतास! पण बसलो की व्हिडिओ हयसर टाका हां, माका बघूचो आसा.

यूएमडी_प्रेमी

पीएसपीचं गणित वेगळं. यूएमडी डिस्कवर १.८ जीबीपर्यंत जागा, त्यामुळे तिथे बहुतेक वेळा खरंखुरं रेकॉर्डिंगच असतं, सोनीच्या अ‍ॅट्रॅक३प्लसमध्ये दाबून भरलेलं. म्हणजे त्यातून मिडी निघणार नाही, हे आधीच मनाशी ठरवा. मिळेल ते ऑडिओ.

एसएनडी० ही फक्त गेमच्या आयकॉनवर गेल्यावर वाजते. बाकीचं पीएसपी_गेम फोल्डरातल्या यूएसआरडीआयआरमध्ये पाहा. तिथे सुट्या एटी३ फाइल असल्या तर नशीब. व्हीजीएमस्ट्रीमची कमांड लाइन आवृत्ती उतरवा आणि एटी३ फाइल तिच्या एक्झीवर ओढून सोडा, शेजारी वेव्ह फाइल तयार होते. एक लक्षात घ्या: गेमचं म्युझिक गोल फिरत राहतं, म्हणून हे सॉफ्टवेअर ते मुळातच दोनदा वाजवून शेवटी १० सेकंदांत आवाज विरवतं. तसं नको असेल तर कमांडमध्ये मायनस आय लावा, एकदाच सरळ वाजेल. एमपी३ नंतर ऑडॅसिटीतून करा.

सुट्या फाइल नसून शेकडो एमबीचा एकच गठ्ठा असेल, आणि मारामारीच्या गेममध्ये ती शक्यता बरीच, तर तो गठ्ठा फोडायला क्विकबीएमएस हे सॉफ्टवेअर आणि त्या गेमसाठी कुणी लिहिलेली स्क्रिप्ट लागते. स्क्रिप्ट नसेल तर मी यात रात्री घालवणार नाही. पीपीएसएसपीपी या एम्युलेटरवर (लॅपटॉपवर पीएसपीचे गेम चालवणारं सॉफ्टवेअर) गेम चालवा, गेमच्याच सेटिंगमध्ये संवाद आणि ठोशांचे आवाज शून्य करा, आणि फाइल मेनूतून ऑडिओ रेकॉर्ड करा. कंटाळवाणं आहे, पण हमखास.

आठ_बिट

सहमत. तशीच युक्ती गेमबॉय अ‍ॅडव्हान्सला एमजीबीए एम्युलेटरमध्ये चालते. त्यात प्रत्येक ऑडिओ चॅनल वेगळा बंद करता येतो. ज्या गेममध्ये निन्टेन्डोचं इंजिन नाही, उदाहरणार्थ शिनेन कंपनीचं गॅक्स इंजिन वापरणारे, तिथे हाच रस्ता.

कोर्टाची_पायरी

कुणीतरी विचारणारच म्हणून आधीच लिहिते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली कायदेशीर मार्गाने जवळ असलेल्या सॉफ्टवेअरची बॅकअप प्रत काढायला सूट आहे. त्याच कलमात खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभातल्या वादनालाही सूट आहे, आणि लग्नाची वरात त्यात स्पष्टपणे धरली आहे. मात्र काढलेल्या फाइल ग्रुपवर वाटणं किंवा मिरवणुकीचा व्हिडिओ चॅनलवर टाकून पैसे कमावणं ही वेगळी गोष्ट. मसालोंनी मागितलेल्या व्हिडिओबद्दल म्हणूनच जरा जपून.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. व्हीजीएमट्रान्सने डीएसचं काम फत्ते झालं, एमराल्डमधलीही हवी ती लढाईची धून सापडली. आता नवीन पेच. मिडी पेन ड्राइव्हवर घालून कीबोर्डला लावली तर सूर बरोबर, पण वाद्यं भलतीच. बासरीच्या जागी ऑर्गन, आणि ड्रमच्या जागी पियानोवर कुणी मांजर सोडल्यासारखं. लॅपटॉपवर हीच फाइल व्हीजीएमट्रान्समध्ये छान वाजते.

आठ_बिट

फाइल ठीक आहे. तुमचा कीबोर्ड जनरल मिडीच्या ठरलेल्या यादीप्रमाणे वाद्य निवडतो, तर गेममधला वाद्याचा नंबर हा त्या गेमच्या स्वतःच्या पेटीतला असतो. त्यांचा ५ नंबर म्हणजे तुमचा ५ नव्हे. ड्रमचंही तसंच. जनरल मिडीत तालवाद्यं १०व्या चॅनलवर, गेममध्ये ती कुठेही असू शकतात.

म्यूजस्कोर हे नोटेशनचं सॉफ्टवेअर घ्या, मिडी त्यात उघडा. प्रत्येक चॅनलची वेगळी ओळ दिसेल. एकेक म्यूट करत गेलात की तुमची हरवलेली मधली ओळ सापडेल, बहुतेक दुसरी किंवा तिसरी. तेवढी बेंजोवाल्याला द्या. तुमचा बेंजो काळी दोनला लावलेला असेल तर तिथल्या तिथे ट्रान्सपोज करून पट्टी बदला. ऐकायला मूळ आवाज हवा तर तीच एसएफ२ म्यूजस्कोरमध्ये जोडता येते. ड्रमची ओळ काढूनच टाका. कच्छी ढोल आणि ऑक्टोपॅड असताना गेमचा टिचभर ड्रम कशाला?

अजून एक. या धुनांना शेवट नसतो. खेळणारा थांबेपर्यंत वाजायच्या म्हणून त्या लिहिल्या, त्यामुळे मिडी एक-दोन फेऱ्यांनंतर मध्येच तुटते. मुखड्यावर परत येऊन शेवट तुम्हालाच बांधावा लागेल.

धागाकर्ता

मधली ओळ तिसरीच निघाली! पट्टी बदलून बेंजोवाल्याला मोबाइलवर पाठवली, तो वाजवतोय. शेवटाला तिहाई टाकायची ठरलं, ती ढोलकीवाल्याच्या गळ्यात मारली. पीएसपीचा गठ्ठा सुटा होत नाहीये, तेव्हा रेकॉर्डिंगच करतो, आज लाईट राहिली तर.