सैनिकी शाळेच्या शिडाच्या होड्यांसाठी देणगी

देवगडकर: किनाऱ्यावरच्या सैनिकी शाळेच्या नौकानयन क्लबला आम्ही काही जण देणगी देतोय. नवी ऑप्टिमिस्ट, म्हणजे मुलांनी एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी, द्यावी का?

दर्यावर्दी: होडी नको. देखभालीला पैसा नसला की ती शेडमध्येच पडून राहते. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी स्टीलच्या रिव्हेटपाशी खाऊन जाते, उन्हाने शीड विरतं. शिडं, दोऱ्या, लाइफ जॅकेटं आणि होड्या धुवायला गोड्या पाण्याचा नळ द्या. बचाव-बोटीच्या इंधनाला तर कुणीच देत नाही, आणि तिच्याशिवाय मुलांना पाण्यात सोडता येत नाही!

हिशेबनीस: चेकनेच द्या. २,००० रुपयांवर रोख दिली तर प्राप्तिकरात देणगीची वजावट नाही. नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही. पत्रात ‘फक्त नौकानयनासाठी’ लिहा, नाहीतर रक्कम सर्वसाधारण निधीत मिसळते.

दर्यावर्दी: मेमध्येच द्या. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, डागडुजी तेव्हाच होते.