बंद गिरणीच्या रिकाम्या शेडमध्ये फोटो कशाचे काढायचे?

उजेडवेडा:
मुंबईतल्या एका बंद कापड गिरणीच्या शेडमध्ये दोन तास फोटो काढायची लेखी परवानगी मिळाली आहे. यंत्रं भंगारात गेलीत. उरलेत ते खांब, फरशी आणि करवतीच्या दात्यांचं छप्पर. क्रॉप सेन्सर (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा, १८-५५ मिमी आणि ५० मिमी एफ/१.८ या दोन लेन्स आणि ट्रायपॉड आहे. अशा जागी माझ्या फोटोंत एकतर काळोख आणि पांढरीफटक तावदानं येतात, नाहीतर नुसता गंज नि पोपडे. बघायचं तरी काय?

धोटा:
गंज कुठल्याही कुंपणावर मिळतो, त्यासाठी गिरणी कशाला! तिथे काम कसं चालायचं ते शोधा. यंत्र गेलं तरी फरशीत पायाचे बोल्ट कापलेल्या अवस्थेत राहतात. त्यांच्या रांगांवरून साचे (माग) कुठे होते, मधली गल्ली किती रुंद होती ते कळतं. तेलाने काळवंडलेली फरशी आणि पायांनी गुळगुळीत झालेली गल्ली यांतला फरक तावदानांकडे तोंड करून उभं राहिल्यावर दिसतो, गल्ली चमकते. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, रांगेच्या बरोबर मधोमध, १८ मिमीवर. पोलरायझर फिल्टर इथे लावू नका, तो नेमकी तीच चमक खातो.

ओतीव खांबांवर कधीकधी ओतणाऱ्या कारखान्याचं नाव उठावात असतं. टॉर्च समोरून मारला की अक्षरं सपाट पडतात. तो खांबालगत धरून दहा-पंधरा अंशांच्या कोनात बाजूने मारा.

बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या ढगाळ हवेत सरळ समोरून टिपल्या आणि एकाच जातीची बांधकामं शेजारीशेजारी मांडली. खांबांचं तसं करता येईल. अंतर, उंची, फोकल लेंग्थ अजिबात बदलू नका; एक खांब जरी जवळून घेतलात तरी संच विस्कटतो.

आणि जमलं तर आधी एखाद्या जुन्या कामगाराकडून साचाखातं (विणकामाचं) कुठलं, त्रासनखातं (सूतकताईचं) कुठलं ते विचारून घ्या.

तावदान:
उजेडाबद्दल. या छपराची काच उत्तरेला असते, कारण तुटलेला धागा दिसायला दिवसभर सारखा उजेड लागतो, ऊन नाही. त्यामुळे ‘सोनेरी वेळ (सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन) गाठा’ हा सल्ला वर्षाचा बराच काळ इथे फुकट. अपवाद उन्हाळ्याचा: मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य भरदुपारीही डोक्याच्या उत्तरेला असतो. तेव्हा आभाळ मोकळं असेल तर कवडसे मिळू शकतात.

फटफटीत तावदानांवर उपाय: मॅन्युअल मोड, एफ/८, आयएसओ १००, रॉ फाइल. मधलं एक्स्पोजर १/४ सेकंद आलं तर पाच फ्रेम घ्या: १/६०, १/१५, १/४, १ आणि ४ सेकंद. फोकस मॅन्युअलवर, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. या पाच फ्रेम नंतर संगणकावर एकत्र जोडायच्या; जोडताना सावल्या पूर्ण उजळू नका. कडांभोवती प्रभावळ दिसली की फोटो बिघडलाच समजा. कबुतरं उडत असतील तर त्यांची भुतं उमटतात, तो भाग एकाच फ्रेममधून घ्या.

काचेच्या जागी हिरवट प्लास्टिकचे पत्रे असतील तर ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप ठरवलेली रंगछटा) फ्रेमगणिक बदलतो. ग्रे कार्डावर (रंगछटा ठरवायच्या राखाडी कार्डावर) तो एकदाच लावून ठेवा. फोटोत खांब आत झुकलेले दिसतात ते कॅमेरा वर वळवल्यामुळे. लेव्हल लावून कॅमेरा सरळ ठेवा, खालची जादा फरशी नंतर कापा.

भोंगा:
तिकडे लेन्स बदलू नका, धूळ फार. छपराचे सिमेंटचे पत्रे जुने असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस धरूनच चाला. त्यांवर पाय ठेवायचा नाही, ते वजनाने फुटतात. पडलेले तुकडे हलवू नका. भुगा पडलेल्या भागात जाऊच नका, ॲस्बेस्टॉसला एन९५ मास्क पुरत नाही. प्लायवूड टाकलेलं दिसलं की खाली गटार किंवा खड्डा आहे असं समजा. जमिनीखालच्या टाकीत उतरायचं नाही, आत विषारी वायू साचलेला असू शकतो.

परवानगीच्या पत्रात ट्रायपॉडचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर आधीच लिहून घ्या, गेटवरचा वॉचमन बहुतेक त्यावरच अडतो.

उजेडवेडा:
पत्रात ट्रायपॉड नाहीये, उद्याच विचारतो. ग्रे कार्ड नाही, साधा पांढरा कागद चालेल?

तावदान:
चकचकीत किंवा निळसर नसेल तर चालेल. पण तावदानाखाली नका धरू, जिथला फोटो काढताय तिथल्या उजेडात धरा.