मदत हवी आहे: तीन सिस्टीम एकत्र करून एकच ईआरपी. कोणतं घ्यावं? (तातडीचं)

हिशेबी_माणूस

नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो. आमचा रिटेलचा व्याप वाढला आणि आता तीन सिस्टीम झाल्यात. तिन्हींत स्टॉक वेगवेगळा दिसतो. मालकांचं म्हणणं, वर्षअखेरीच्या आत एकच ईआरपी पाहिजे, म्हणजे खरेदी, साठा, विक्री, हिशेब सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये. एसएपी, डायनॅमिक्स, नेटसूट, ओडू, ईआरपीनेक्स्ट, यांतलं कोणतं? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनीच सांगा, ब्रोशरं आमच्याकडे ढीगभर पडलीत. सोमवारी मीटिंग आहे, जरा लवकर.

मुक्तस्रोत

ईआरपीनेक्स्ट. डोळे झाकून. सोर्स कोड तुमच्या हातात, स्वतःच्या सर्व्हरवर टाकलंत तर माणशी लायसन्स नाही. पुढच्या वर्षी अजून दहा दुकानं उघडलीत तरी कुणाला जास्तीचे पैसे द्यायला नकोत.

गोदामवाला

किती दुकानं, किती गोदामं? गोदामातून दुकानाला माल जातो तेव्हा ट्रान्सफरची नोंद कोण करतं, पाठवणारा की घेणारा? त्या तीन सिस्टीम नेमक्या कोणत्या?

हिशेबी_माणूस

दुकानं चाळीसच्या आसपास, गोदामं दोन. पण हे कशाला लागतंय? प्रश्न साधा आहे, कोणतं घ्यावं.

खतावणी

साधा नाहीये हो. तिन्ही सिस्टीम एकाच कंपनीच्या आहेत की कायद्याने वेगळ्या कंपन्या आहेत? वेगळ्या असतील तर पुस्तकं वेगळीच राहणार, ईआरपी एक झालं तरी. आणि एका कंपनीचा माल दुसरीकडे गेला तर ती नुसती ट्रान्सफर नसते, विक्री असते. बिल लागतं.

हिशेबी_माणूस

दोन कंपन्या. आम्ही एक छोटी साखळी विकत घेतली, तिची सिस्टीम तशीच चालू आहे. आमची मूळ वेगळी. ऑनलाइन विक्री तिसऱ्याच सॉफ्टवेअरवर. हे उघडच आहे ना, नाहीतर तीन झाल्या कशा असत्या?

उंटावरचा_शहाणा

उघड आहे खरं. आम्हीच मेले अंतर्ज्ञानात कच्चे.

निवृत्त_सल्लागार

विकत घेतलेली साखळी कशावर चालते? जुनं एसएपी ईसीसी (एसएपीच्या ईआरपीची आधीची पिढी) असेल तर तो वेगळाच विषय आहे.

हिशेबी_माणूस

हो, एसएपीच. जुनं. चालतंय व्यवस्थित.

निवृत्त_सल्लागार

चालतंय म्हणून थांबू नका. ईसीसी ६.० ची नेहमीची मेंटेनन्स २०२७ अखेर संपते, तीही एन्हान्समेंट पॅकेज (त्यावर चढवलेला सुधारणांचा संच) ६ ते ८ असेल तरच. ० ते ५ वाल्यांची २०२५ अखेर संपली. पैसे मोजले तर ६ ते ८ ला २०३० पर्यंत वाढीव मुदत मिळते. मेनूत सिस्टीम, मग स्टेटस उघडा, तिथे कंपोनंट व्हर्जनच्या तपशिलात पॅकेज दिसेल. आधी ते बघून सांगा. कारण मग प्रश्न "कोणतं घ्यावं" असा उरत नाही. त्या साखळीला तसंही हलवायचंच आहे, तर कुठे हलवायचं हा प्रश्न आहे.

मुक्तस्रोत

झालं! एसएपीवाले आले. लिडल या जर्मन सुपरमार्केट साखळीने काय केलं ते सांगा की. २०१८ मध्ये एसएपीचा प्रकल्प गुंडाळला, त्याआधी त्यात सुमारे ५० कोटी युरो गेल्याच्या बातम्या होत्या.

निवृत्त_सल्लागार

सांगतो ना. बातम्यांत कारणही आलं होतं. लिडल साठ्याचं मूल्य खरेदीच्या भावाने धरायचं, त्या सॉफ्टवेअरची मूळ रचना विक्रीच्या भावाची. कंपनीला आपली पद्धत सोडायची नव्हती, म्हणून सॉफ्टवेअर वाकवत बसले. तुमचं ईआरपीनेक्स्ट असंच वाकवलं तर तेही मोडेल, फक्त बिल लहान येईल. पद्धत कोण बदलणार हे आधी ठरलं नाही की कुठल्याही सॉफ्टवेअरची हीच गत.

मूकवाचक

विषयाला सोडून विचारतो, माफी असावी. मी कॉमर्स पदवीधर आहे. एसएपीत फायनान्सचं मॉड्यूल शिकू की मटेरियल्सचं? नोकरी कशात लवकर लागते?

उंटावरचा_शहाणा

@मूकवाचक, आधी गोदामात सहा महिने माल मोजा. मग दोन्ही मॉड्यूल आपोआप कळतील.

स्क्रिप्टेश्वर

सगळे सिस्टीम बदलायच्या मागे का लागलात? तिन्ही राहू द्या. मध्ये मिडलवेअर टाका, म्हणजे तिघांना जोडणारं सॉफ्टवेअर. विक्री झाली की एपीआयने निरोप जातो, बाकी दोन्हीकडे स्टॉक कमी होतो. दोन-तीन महिन्यांत उभं राहतं, कुणाला नवीन स्क्रीन शिकायला नको.

गोदामवाला

आणि निरोप अर्ध्यात अडकला की? एकच निरोप दोनदा गेला की? स्टॉक दोनदा कमी होणार. मग रात्री जुळवणीचा जॉब, सकाळी त्या जॉबच्या चुका शोधायला माणूस. ऑनलाइनला जोडायला मिडलवेअर लागेलच, ते मान्य. पण तीन ठिकाणी तीन मालक ठेवून ते तिघांत निरोप्या म्हणून बसवायचं, हे नको.

स्क्रिप्टेश्वर

प्रत्येक निरोपाला स्वतःचा आयडी द्यायचा, दुसऱ्यांदा आला की टाकून द्यायचा. हे काही नवं शास्त्र नाही.

गोदामवाला

आयडीने निरोप ओळखता येतो. माल कसा ओळखणार? तिन्हीकडे एकाच वस्तूचा कोड सारखा आहे का, हे धागाकर्त्याने अजून सांगितलेलंच नाही. @हिशेबी_माणूस, एक काम करा. कुठलीही एक वस्तू घ्या आणि तिन्ही सिस्टीममधली तिची ओळ इथे चिकटवा.

हिशेबी_माणूस

घ्या. मोठा निळा टॉवेल.

आमच्याकडे: कोड १०४४१७, "टॉवेल निळा मोठा", युनिट नग, शिल्लक २१२.

घेतलेल्या साखळीत: कोड टीडब्ल्यू-निळा-एल, "बाथ टॉवेल ब्लू", युनिट बॉक्स, शिल्लक ३१.

ऑनलाइनच्या फाइलमध्ये: २.००००१ई+१२, "प्रीमियम टॉवेल", युनिट रिकामं, शिल्लक ४०.

पॅकेज ४ निघालं. म्हणजे मुदत संपली म्हणायची. मालकांना हे कुणीच सांगितलं नव्हतं.

गोदामवाला

बघा. आता बोलायला काहीतरी हातात आलं. बॉक्समध्ये किती नग?

हिशेबी_माणूस

१२. एका पुरवठादाराचा बॉक्स मात्र ८ चा असतो.

गोदामवाला

म्हणजे ते ३१ बॉक्स ३७२ नगही असतील नाहीतर २४८ ही, किंवा मधलं काहीही. सिस्टीमला माहीत नाही, तुम्हालाही नाही. प्रत्यक्ष मोजल्याशिवाय हा आकडा नव्या ईआरपीत टाकू नका. आणि "एक बॉक्स म्हणजे १२" असं वस्तूवर कायमचं लिहून ठेवू नका. साठा नगातच ठेवायचा, बॉक्सचं माप त्या-त्या पुरवठादाराच्या खरेदीच्या ओळीवर. दुकानात नग विकायचा, गोदामात बॉक्स मोजायचा आणि कागदावर तिसरंच, अशाने स्टॉक कसा जुळेल? तुम्ही ज्याला तीन सिस्टीमचं भांडण म्हणताय त्यातलं निम्मं इथे आहे.

स्क्रिप्टेश्वर

आणि तो २.००००१ई+१२ म्हणजे एक्सेलची करामत. १२ किंवा त्याहून जास्त अंकांचा आकडा साध्या सेलमध्ये तो असा आखडून दाखवतो, आणि तशीच फाइल सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की पुढचे अंक कायमचे गेले. खरा बारकोड काय आहे?

हिशेबी_माणूस

टॉवेलवर २००००१००४४१७७ आहे.

स्क्रिप्टेश्वर

तपासतो. शेवटचा अंक तपासणीचा असतो, तो सोडून बाराच अंक घ्या. विषम जागांची बेरीज २+०+०+०+४+१ = ७. सम जागांची ०+०+१+०+४+७ = १२, गुणिले ३ म्हणजे ३६. एकूण ४३. पुढचा दहाचा पाढा ५०, फरक ७. शेवटचा अंक ७ च आहे, म्हणजे बारकोड बरोबर. पण तुमच्या ऑनलाइन फाइलमध्ये २००००१० ने सुरू होणारे सगळे बारकोड आता अगदी एकसारखे दिसत असणार. टॉवेल, चादर, पायपुसणं, सगळं २.००००१ई+१२. मग स्टॉक जुळायचा कसा? तो कॉलम आयात करतानाच टेक्स्ट म्हणून घ्या. हातात आहे ती फाइल टाकून द्या, मूळ सिस्टीममधून नव्याने काढा.

लेबलवाला

बारकोडचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. डायरेक्ट थर्मल लेबल वापरू नका, उन्हात आणि उष्णतेत पुसट होतं किंवा काळं पडतं. थर्मल ट्रान्सफर घ्या, रिबनवालं. प्रिंटरचा हेड दर रोलनंतर पुसायचा. आमच्याकडे निम्मी लेबलं स्कॅन होत नव्हती, रिबनवर गेल्यापासून तक्रार नाही.

उंटावरचा_शहाणा

@लेबलवाला, विचारलं कुणी?

लेबलवाला

पुढे विचारतील.

खतावणी

सगळे नगांत अडकलेत, पैशांचं बघा. दोन्ही कंपन्यांत साठ्याचं मूल्यांकन कसं होतं? फिफो (आधी आलेला माल आधी गेला असं धरायचं) की भारित सरासरी? उदाहरण देतो. १०० नग १० ने घेतले, मग १०० नग १२ ने. त्यातले १५० विकले. फिफोने उरलेले ५० नग १२ चे, साठा ६००. सरासरी ११ पडते, त्या हिशेबाने साठा ५५०. माल तोच, मोजणीही तीच, तरी ५० चा फरक, आणि तो थेट नफ्यात जातो. आयएएस २ (साठ्याबद्दलचं आंतरराष्ट्रीय लेखा मानक) प्रमाणे दोन्ही पद्धती चालतात, पण एकाच प्रकारच्या मालाला एकच पद्धत हवी. ते मानक लागू असेल तर तुमच्या निळ्या टॉवेलला एकत्रित ताळेबंदात दोन पद्धती चालणार नाहीत. लिफो (शेवटी आलेला माल आधी गेला असं धरणं) तर त्यात मुळीच चालत नाही. कंपनी-सेटअपमध्ये हे आधी ठरवावं लागतं, व्यवहार सुरू झाल्यावर बदलणं फार त्रासाचं.

हिशेबी_माणूस

आमची सरासरी, त्यांची फिफो वाटते. विचारून सांगतो. पण सोमवारच्या मीटिंगमध्ये मी "कोणतं घ्यावं" याचं उत्तर काय देऊ?

निवृत्त_सल्लागार

उत्तर असं द्या की चाळीस दुकानांना तुमच्या यादीतल्या पाचांपैकी चार सॉफ्टवेअरं सहज पेलतील. निवडीने तुमचं नशीब ठरणार नाही. वस्तूंची यादी एक झाली नाही तर पाचही बुडवतील. आणि वर्षअखेरीची तारीख काढून टाका. रिटेलमध्ये वर्षअखेर म्हणजे बहुधा विक्रीचा मोसम आणि ऑडिट एकदम. हर्षीज या अमेरिकन चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये जुलैत नवी सिस्टीम चालू केली, हॅलोविनच्या ऑर्डरींच्या तोंडावर. गोदामात चॉकलेट होतं, दुकानात पोचत नव्हतं. १० कोटी डॉलरच्या वर ऑर्डरी रखडल्या.

खतावणी

तारखेवर असहमत. वर्षाच्या सुरुवातीला सुरू केलं तर ओपनिंग बॅलन्स स्वच्छ मिळतात, ऑडिटरचं एकच प्रमाणपत्र पुरतं. मध्येच उडी मारली की अर्धं वर्ष जुन्यात, अर्धं नव्यात.

निवृत्त_सल्लागार

अर्धं-अर्धं जुळवायला दोन आठवडे जातील. मोसमात बिलिंग बंद पडलं तर किती जाईल?

खतावणी

तुमच्यासारखे लोक गो-लाइव्ह करून निघून जातात, ते दोन आठवडे आम्हाला पडतात.

गोदामवाला

तुम्ही दोघं व्यनित भांडा. @हिशेबी_माणूस, तारीख कोणतीही घ्या, पण सगळी दुकानं एका दिवशी हलवू नका. आधी घेतलेल्या साखळीतली दोन-तीन दुकानं, मग उरलेली साखळी. तुमची मूळ दुकानं त्यानंतर. हलवायच्या आदल्या रात्री मोजणी, आणि त्या वेळी रस्त्यात असलेल्या मालाची वेगळी यादी. हाच माल हमखास हरवतो, जुन्यातून निघालेला असतो आणि नव्यात पोचलेला नसतो. अर्ध्या आलेल्या पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), न वापरलेली गिफ्ट व्हाउचरं, जुन्या बिलावर परत येणारा माल, या तिन्हींचं काय करायचं तेही आधीच लिहून ठेवा. जुनी सिस्टीम लगेच बंद करू नका, फक्त बघण्यापुरती चालू ठेवा. ग्राहक जुनं बिल घेऊन येतोच.

मुक्तस्रोत

हे सगळं ईआरपीनेक्स्टमध्ये होतं.

उंटावरचा_शहाणा

@मुक्तस्रोत, बॉक्समध्ये ८ की १२ तेही सांगतं का?

हिशेबी_माणूस

मीटिंग झाली. पॅकेज ४ ऐकल्यावर मालक गप्पच झाले. तारीख पुढे ढकलली, पण "यादी एक करायला कितीसा वेळ लागतो" असं विचारलं. मग यादीचा ताबा कुणाकडे यावर खरेदी आणि ऑनलाइन यांची जुंपली. खरेदीवाले म्हणतात नवीन कोड आम्हीच उघडणार. ऑनलाइनवाले म्हणतात तुम्ही दोन दिवस लावता, तोवर आमची जाहिरात गेलेली असते.

आणि दुसरी भानगड. आमचा आणि त्या साखळीचा बारकोड कॉलम शेजारी ठेवला, तर बरेच बारकोड सारखे निघाले. आनंद झाला, म्हटलं इथे तरी जुळलं. उघडून बघतो तर माल वेगळा! आमच्याकडे टॉवेल, त्यांच्याकडे त्याच आकड्यावर छत्री.

स्क्रिप्टेश्वर

२ ने सुरू होणारे का? ते आतल्या वापराचे आकडे. जीएस१ ने (बारकोडचे आकडे वाटणारी संस्था) ते जगभरात कुणा एकाला दिलेले नसतात, प्रत्येक जण आपल्यापुरते लावतो. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या दुकानात तेच लावले. तपासणी-अंक दोन्हीकडे बरोबरच येणार, त्याने हे पकडता येत नाही. उत्पादकाचा बारकोड असलेल्या मालाला हा प्रश्न नाही, तो दोन्हीकडे एकच हवा.

हिशेबी_माणूस

मग आता सगळी लेबलं बदलायची?

लेबलवाला

रिबनवालं घ्या.

गोदामवाला

सगळी नाही. फक्त आदळणारे आकडे, आणि तेही एकाच बाजूचे, ज्यांचा साठा कमी आहे त्यांचे. तोवर दोन्ही कंपन्यांचा माल एका काउंटरवर येऊ देऊ नका, नाहीतर छत्री टॉवेलच्या भावाने जाईल. नवीन कोड उघडायचा हक्क एकाच टेबलाकडे ठेवा. ऑनलाइनवाल्यांना अर्ज करता येईल, पण युनिट आणि बारकोड भरल्याशिवाय तो पुढे सरकणार नाही असं करा. आणि त्या टेबलाने संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंच. दोन दिवस लागतात ही तक्रार खरी असेल, तर ते गुपचूप चौथी फाइल सुरू करतील.

हिशेबी_माणूस

ती आहेच. आजच कळलं.

मूकवाचक

फायनान्स की मटेरियल्स, कुणी सांगेल का?